किरणांना पुरून उरलेल्या

बिश्केक, १२ एप्रिल २०२२

तुरसुनाय,

सलाम. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. हे पत्र अल्माटीच्या गाडीवाल्याकडे देतोय. माणूस ओळखीचा आहे. त्यो-आशू खिंडीत त्याला मी बर्फातून ओढून काढलाय, तेव्हा तुझ्या संस्थेच्या दारापर्यंत तरी तो पत्र पोचवेल. पुढं तू ते वाचायचं की नाही, तुझं तू बघ.

मी पाठीच्या कामासाठी बिश्केकला आलोय. सगळा जन्म बुलडोझरवर बसून बर्फ लोटला, पाठ कधीतरी बोलणारच. काळजीचं काही नाही. तू काळजी करतेस असं मी म्हणत नाहीये.

अनारकान बरोबर आहे, हेही लपवत नाही. तुझ्या आईला जाऊन वर्ष व्हायच्या आत मी तिला घरात आणली म्हणून तू उंबरा सोडलास. त्याबद्दल मी तेव्हा काही बोललो नाही, आजही बोलणार नाही.

लिहायचं कारण वेगळंच आहे. माझ्या खोलीत राखिमजान म्हणून एक उझबेक आहे, ओशचा, तंदुरावर रोट्या भाजणारा. त्याला पोटाच्या खालच्या अंगाला कॅन्सर झालाय आणि रोज किरण देतात. तू बाटल्यांमध्ये पेशी वाढवतेस आणि त्यांच्यावर किरण सोडतेस, एवढं मला ठाऊक आहे. म्हणून राखिमजानच्या वतीनं विचारतो.

इथली रीत अशी आहे. सकाळी सगळ्या म्हाताऱ्यांना एका बाकावर बसवतात आणि प्रत्येकाला बाटलीभर पाणी प्यायला लावतात. मूत्राशय भरलेलं असलं की आतडी वर उचलून धरली जातात आणि किरणांच्या वाटेत येत नाहीत, असं नर्स सांगते. मग कधीकधी मशीन रुसतं. दुरुस्तीवाला येईपर्यंत सगळे गुडघ्याला गुडघा लावून भिंतीकडे बघत बसतात. परवा एक निवृत्त न्यायाधीश उठून म्हणाला, "मला आधी जाऊ द्या, माझं वय झालंय." राखिमजान म्हणाला, "न्यायाधीशसाहेब, बसा. इथं सगळ्यांना शिक्षा सारखीच आहे." आम्ही सगळे हसलो, आणि तेच चुकलं. पोट भरलेलं असताना हसू नये.

आत गेलं की टेबलावर आडवं व्हायचं. कातडीवर शाईचे ठिपके काढलेले असतात, ते जुळवून घेतात. मशीनचं डोकं केवढं तरी मोठं, ते माणसाभोवती सावकाश फिरतं. छताला निळं आकाश रंगवलंय आणि एका ढगाचा पोपडा निघालाय. दुखत नाही, पोळत नाही, काही दिसत नाही. आणि उठल्यावर सांगतात, झालं आजचं.

जे लागत नाही, दिसत नाही, ते आत जाऊन एवढं मोठं काम कसं करतं? कळवलंस तर राखिमजानला बरं वाटेल.

तुझा आके

---

सोस्नोव्का, ३ जुलै २०२२

तुरसुनाय,

तुझा कागद आला. अर्धं पान का होईना, आला. मी अंगणात उभ्यानंच वाचला.

वर सगळं राखिमजानसाठी लिहिलंस, आणि खाली एक ओळ: "राखिमजानचा पीएसए किती आहे, आणि तुमचा किती, आके?" ते वाचून मी कागद पालथा ठेवला. लेकीनं बापाला विचारायची ही गोष्ट नाही. मग लक्षात आलं, मीच तर भरलेल्या मूत्राशयाचं लिहिलं होतं. तू तेच शिकलेली, तुला तेवढं पुरलं असणार.

बरं. पाठ नव्हती. प्रोस्टेट होती. लिहिलं एकदाचं. तोंडानं मला हे तुझ्यापुढं म्हणता आलं नसतं, कागद त्या मानानं बरा.

आता चांगली बातमी. किरण संपले, रक्तातला तो पीएसएचा आकडा खाली खाली जाऊन जवळजवळ शून्यावर आला. अनारकाननं मेंढा कापून गल्लीत वाटला. राखिमजानचाही आकडा उतरला. तो ओशला गेला आणि तिथून त्यानं रोट्यांची पिशवी पाठवली, येईपर्यंत दगड झाल्या होत्या, तरी चहात बुडवून खाल्ल्या.

तू लिहिलेलं मी अनारकानला वाचून दाखवलं. पेशीच्या आत लांबच लांब धागा असतो, दोन पदरांचा. किरण तो तोडतात. एक पदर तुटला तर पेशी गाठ मारून मोकळी होते, पण दोन्ही पदर एकाच जागी तुटले तर निभावणं कठीण. आणि सगळ्यात नवलाची गोष्ट, घाव बसल्याबरोबर ती मरत नाही. दिवस दिवस ती तशीच असते, आणि एकीच्या दोन व्हायला जाते तेव्हा मोडते. अनारकान म्हणाली, "तुझ्यासारखंच की. खिंडीत कमरेवर दगड पडला तेव्हा दिवसभर मशीन चालवलंस, आणि घरी जेवून उठताना कोसळलास." म्हटलं, "मी मेलो नव्हतो." तर म्हणते, "म्हणून तर मला त्रास आहे."

तू लिहितेस की तुझ्या बाटल्यांतल्या पेशी ह्याच अवयवाच्या आहेत, कुण्या परदेशी माणसाच्या, आणि तो तुझ्या जन्माआधीच वारलाय. हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. माणूस गेला, त्याला मारणारा आजार मात्र अजून बाटलीत जेवतोय आणि वाढतोय. त्याच्या घरच्यांना हे माहीत असेल का?

इकडं ये असं मी म्हणत नाही. जर्दाळू पिकलेत एवढं सांगतो.

आके

---

सोस्नोव्का, १९ नोव्हेंबर २०२३

तुरसुनाय,

गेल्या वर्षभरात मी तुला हवापाण्याची पत्रं लिहिली. गाय व्याली, छप्पर बदललं, रस्ता खचला. ते सगळं खरंच होतं. फक्त रक्ताच्या तपासण्यांचं लिहिलं नाही. आकडा वसंतापासून वर चढतोय. आधी थोडा, मग त्याहून जास्त. अनारकान म्हणाली, "पोरीला कळव." मी म्हटलं, "अजून एकदा तपासून बघू." असं करत करत बर्फ पडायचे दिवस आले.

कालच बिश्केकला जाऊन आलो. डॉक्टर लारिसा विक्तोरोव्ना, कोरियन वंशाची बाई, बोलायला सरळ, पण वयाला मान देऊन तीही मला आके म्हणते. तिनं सगळे कागद नीट बघितले. मी विचारलं, "किरण कमी पडले का?"

"नाही, ओमुरझाक आके. द्यायचे तेवढे दिले."

"मग नेम चुकला?"

"नेमही बरोबर होता. लागले. गाठीतल्या बहुतेक पेशी मेल्या." मग ती म्हणाली, "काही मेल्या नाहीत."

मी विचारलं, एकाच दिवशी, एकाच मशीनखाली, एकाच गाठीत असून काही मेल्या आणि काही नाही, असं कसं. तिनं कागदावर अक्रोडाएवढं वर्तुळ काढलं आणि मधे पेन्सिल टेकवली. म्हणाली, किरणांना मारायला प्राणवायूची मदत लागते. गाठीच्या ह्या आतल्या भागात रक्त नीट पोचत नाही, प्राणवायू कमी. तिथल्या पेशी आधीपासूनच घुसमटत जगायला शिकलेल्या, त्यामुळं किरण तिथं अर्धे बोथट होतात. काही पेशी घाव बसला की वाढणं थांबवतात आणि गप्प पडून राहतात. आणि काही तुटलेला धागा इतक्या झपाट्यानं सांधतात की दुसऱ्या दिवशी आपण मशीन सुरू करतो तेव्हा त्या पुन्हा धड झालेल्या असतात. त्यांच्यातून पुढं ज्या निघतात त्याही तशाच.

"त्यांना शिकवतं कोण?"

"कुणीच नाही. ज्यांना येत होतं त्या उरल्या. पण काहींना येत नव्हतं, त्या मार खाता खाता बदलल्या. ते नेमकं कसं होतं हे अजून पुरतं कळलेलं नाही. त्यावर लोक काम करतायत."

मी म्हटलं, "माझी मुलगी करते."

"कुठं?"

"अल्माटीला."

तिनं चष्मा काढला. "मग ओमुरझाक आके, तुम्ही हे मला का विचारताय?"

मी टोपी उचलली आणि निघालो.

खरं सांगू? भीती वाटली, पण ती नंतर. आधी मी थक्क झालो. परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात खिंडीतली एक जुनी गोष्ट घोळत होती. सुसामिर खोऱ्याच्या अंगाला एका मेंढपाळाचा अख्खा कळप हिमलोटाखाली गेला होता. आम्हाला रस्ता मोकळा करायचा होता, म्हणून पुष्कळ दिवसांनी आम्ही तिथं पोचलो. फावड्याला मेलेल्या मेंढ्याच लागत होत्या. आणि एका कोपऱ्यात, दगडाच्या आडोशाला, तीन जिवंत. उघड्या, अंगावर लोकर नाही. एकमेकींची लोकर खाऊन जगल्या होत्या. मेंढपाळ त्यांच्याकडं बघत राहिला, हात लावायला तयार होईना. म्हणाला, "ह्या आता माझ्या मेंढ्या नाहीत." मला त्याचं बोलणं तेव्हा कळलं नव्हतं. काल गाडीत माझा हात पोटावर गेला तेव्हा थोडं कळलं.

आता सुईनं तुकडा काढून तपासणार आहेत. पोरी, ह्या वेळी पाठीचं सांगत नाहीये.

आके

---

बिश्केक, २८ जानेवारी २०२४

तुरसुनाय,

तुझी गाडी सीमा ओलांडून गेली असेल नसेल, तोवर लिहायला बसलोय. समोर होतीस तेव्हा हे सांगायचं राहून गेलं.

तू पत्रात विचारलं होतंस, तुकड्यातला थोडा भाग प्रयोगशाळेला द्याल का, आणि खाली लिहिलंस, नाही म्हणालात तरी चालेल. मला वाटलं, कुणी माणूस पाठवशील. लारिसा विक्तोरोव्ना म्हणाली, "ओमुरझाक आके, तुमचे पाहुणे आलेत," आणि दारात तू, हातात निळी पेटी. पाच वर्षांनी. केस आखूड केलेस. तुझ्या आईची हनुवटी जशीच्या तशी आहे, ती काही आखूड होत नाही.

तुकडा कसा आणि कुठून काढला ते तू जाणतेस, मी लिहिणार नाही. मी ढकलगाडीवर पडलो होतो, दार अर्धं उघडं होतं, म्हणून मला बाहेरचं सगळं ऐकू आलं. तुला वाटलं असेल मी गुंगीत आहे.

अनारकान बाकावरून उठली. तिची चाहूल मला पायांवरूनच कळते. म्हणाली, "चहा आणलाय. तुझ्या आईच्या हातचा नाही, पण गरम आहे. नको असेल तर तसं सांग, मी वाईट वाटून घेणार नाही."

 मी छताकडं बघत होतो. मग आपल्या मिठाच्या चहाच्या थर्मासचं झाकण फिरवल्याचा आवाज आला. फुंकर मारल्याचं ऐकू आलं. मग तू म्हणालीस, "मीठ कमी पडलंय, एजे."

"घरी जास्त टाकते," अनारकान म्हणाली. "हा म्हाताऱ्यासाठी केलाय, त्याला मीठ बंद सांगितलंय."

बस, एवढंच. तू तिला एजे म्हणालीस. मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. मला ढकलगाडीवरून उठता येत नव्हतं, ते एका अर्थी बरंच झालं.

मग तू आत आलीस आणि मला ती कुपी दाखवलीस. गुलाबी पाण्यात धाग्याएवढा तुकडा. मी विचारलं, "हाच का तो?" तू म्हणालीस, "हो, आके." मी म्हटलं, "दिसायला तर गरीब आहे." तू हसलीस. तू हसलीस हे अनारकाननं दारातून पाहिलं, आणि आता ती घरभर तेच सांगत बसणार.

तू पेटी गाडीच्या सीटला पट्ट्यानं बांधलीस तेही खिडकीतून पाहिलं. पोचलीस की कळव. आणि सीमेवरच्या पोरांशी वाद घालू नकोस, कागद दाखव आणि गप्प राहा.

आके

ता. क. पत्र बंद करणार तोच तुझा फोन आला. तुझा आवाज फोनवर लहानपणीसारखा येतो. सीमेवरच्या माणसानं "पेटीत काय आहे?" विचारलं आणि तू "माझे वडील" म्हणालीस, हे मी अनारकानला सांगितलं. ती म्हणाली, "आणि त्यानं सोडलं? वजन तरी करायचं होतं."

---

सोस्नोव्का, १६ मे २०२४

तुरसुनाय,

अल्माटीहून सुखरूप पोचलो. गाडीत झोप लागली नाही. जे पाहिलं ते उतरवून काढतो, नाहीतर मलाच पुढं खरं वाटणार नाही.

तू आधीच सांगितलं होतंस की असे तुकडे बहुतेक वेळा बाटलीत जगतच नाहीत, आशा ठेवू नका. मी मनात म्हटलं होतं, मेले तर बरंच आहे. आणि तरी तू फोनवर "बशीतल्या एका खळीत जीव धरलाय, आके" म्हणालीस तेव्हा मला आनंद झाला. आनंद. अनारकाननं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि विचारलं, "काय, नातू झाला?"

तू मला पांढरा कोट घातलास, खुर्ची खाली-वर केलीस, आणि म्हणालीस, डोळा लावा. आधी काहीच दिसेना, माझ्याच पापण्या दिसत होत्या. मग दिसलं. काचेसारखे गोल गोल पुंजके, कडेनं उजळलेले, एकमेकांना धरून बसलेले. मी आजवर असं काही पाहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, ते सुंदर होतं. मला मारायला निघालेली गोष्ट एवढी नेटकी असेल असं वाटलं नव्हतं.

मग तू अंधाऱ्या खोलीत दुसरी काच दाखवलीस. म्हणालीस, ह्यांना किरण देऊन तास झालाय. प्रत्येक पेशीच्या मधे काळोख आणि त्यात हिरवे ठिपके, सुसामिरच्या आभाळात नसतील इतके. "प्रत्येक ठिपका म्हणजे धागा तुटलेली एक जागा," तू म्हणालीस. मला वाटलं, एवढ्या जागी तुटल्यावर कोण वाचणार. मग तू शेजारची काच ठेवलीस, दुसऱ्या दिवशीची. जवळजवळ सगळे ठिपके गेलेले. एखाददुसरा कुठंतरी लुकलुकत होता.

मी विचारलं, "एवढी तूट एका दिवसात कुणी बुजवली?"

तू म्हणालीस, "तुम्हीच, आके."

मी तुझ्याकडं पाहिलं. तू थट्टा करत नव्हतीस. मग समजावून सांगितलंस. सांधायची ही अवजारं कॅन्सरनं स्वतः बनवलेली नाहीत. ती अंगातल्या प्रत्येक धड पेशीत असतात. रोज ऊन लागतं, धूर जातो, धागे तुटतात, आणि तीच अवजारं ते सांधत राहतात. माणूस म्हातारा होईपर्यंत टिकतो तो त्यांच्यामुळं. कॅन्सरनं ती फक्त जास्त जोरानं चालवायला घेतली. आणि पुरुषाच्या अंगातलं जे हार्मोन आहे ते ह्या कामाला हात देतं, म्हणून लारिसा विक्तोरोव्ना ते बंद करायची इंजेक्शनं देतेय. ती इंजेक्शनं सुरू झाल्यापासून मला अंगातून आगीचे लोळ उठतात आणि थंडीतही मी खिडकी उघडतो. अनारकान म्हणते, "आता कळलं का बायकांना काय होतं ते? आणखी दोन इंजेक्शनं घे, मग भांडी घासायलाही लागशील."

पण मी दुसरंच सांगत होतो. त्या दोन काचा बघून झाल्यावर मी कोट काढून बाहेरच्या पायऱ्यांवर बसलो होतो, आठवतं? तुला वाटलं मला चक्कर आली. चक्कर नव्हती. मी माझ्या हातांकडं बघत होतो. एवढी वर्षं ह्या अंगात कोट्यवधी ठिकाणी काही तुटत होतं, आणि कुणीतरी ते सांधत होतं, आणि मला एकदाही कळू दिलं नाही. मी बर्फ लोटत होतो, भांडत होतो, तुझ्या आईला पुरत होतो, आणि आत हे चाललेलं. नमाज मी नियमानं कधी पढलो नाही, तू जाणतेस. त्या पायऱ्यांवर मला वाटलं, पढायला हवी होती, निदान ह्या एका गोष्टीसाठी.

दुपारी तू त्यांना पुन्हा किरण द्यायला घेऊन गेलीस. लहानसं मशीन, कपाटाएवढं. तू बशी आत ठेवलीस, दार लावलंस, आणि मग तुझ्या शेजारच्या त्या उंच मुलीनं बटण दाबलं. तू टेबलावरचे हातमोजे सरळ करत होतीस. मी पाहिलं. 

आके

---

सोस्नोव्का, ५ ऑक्टोबर २०२४

तुरसुनाय,

तुझं मोठं पत्र आलं. फोनवर रोज बोलतेस आणि हे मात्र कागदावर पाठवलंस, म्हणजे तुलाही आता बापाची सवय लागली.

आधी माझं. आकडा खाली आहे. लारिसा विक्तोरोव्ना खूश आहे, पण तिनं काही लपवलं नाही. म्हणाली, हार्मोन बंद केलं तरी त्या पेशी एक दिवस त्याच्यावाचूनही जगायला शिकतील. दोन वर्षं, चार वर्षं, ते सांगता येत नाही. मी म्हटलं, "किरणांना शिकल्या, तर ह्यालाही शिकतील." ती म्हणाली, "तुम्ही त्यांची बाजू घेताय का?" बाजू घेत नाही. पण खिंडीतल्या हिमलोटाला आम्ही कधी शिव्या दिल्या नाहीत. तो कुठून सुटेल ते बघत बसायचो. तसंच हे.

तू तीन गोष्टी विचारल्यास.

पहिली, ह्या पेशी गोठवून ठेवू का. मी गेल्यावरही त्या तिथं राहतील, कधीही बाहेर काढून वाढवता येतील, हे मला आधी सांगितलंच पाहिजे असं तू लिहिलंस. ठेव. आमच्याकडं माणसानं सात पिढ्यांची नावं पाठ म्हणावीत अशी रीत, आणि मला मुलगा नाही, म्हणून तुझे काका मला चिडवायचे, ओमुरझाक, तुझ्यानंतर नाव कोण सांगणार. त्यांना कळलं की माझ्यामागं काय राहणार आहे, तर ते थडग्यात उठून बसतील. ठेव, पण त्यांना माझं नाव देऊ नकोस. तू आकडे घालून जे लिहिलंयस तेच बरं. माझं नाव तुझ्या नावाच्या मागं आहे, तेवढं पुरे.

दुसरी, दुसऱ्या शहरातल्या लोकांनी मागितल्या तर द्यायच्या का. विचारायचं काय त्यात? दे. सगळ्यांना दे. ज्या जगल्या त्या कशा जगल्या, आणि कुठं अडल्या, हे जितके जण बघतील तितकं चांगलं. फक्त नेणाऱ्याला सांग, ह्या हट्टी आहेत.

तिसरी गोष्ट तू विचारली नाहीस, नुसती लिहिलीस, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. मे महिन्यापासून त्यांच्यावर किरण सोडायचं काम तू त्या उंच मुलीला देऊन टाकलंस. त्या परदेशी माणसाच्या पेशींवर सात वर्षं बटण दाबलंस, कधी काही वाटलं नाही, आणि ह्यांच्या वेळी बोट पुढं जात नाही. "वेड्यासारखं आहे हे, आके," असं लिहिलंस.

वेड्यासारखं नाही. तुझ्याआधी आमची दोन बाळं गेली, म्हणून तुझं नाव तुरसुनाय ठेवलं, राहू दे ही, असं. तुझी आई दोन वर्षं तुला अंगावरून खाली ठेवत नव्हती. आपल्या माणसाचं काही हातात असलं की हात असाच होतो. मी काही तुला हसत नाहीये.

पण ते काम परत घे. ती मुलगी चांगली असेल, तरी ती बटण दाबते आणि जेवायला जाते. तू त्यांच्याकडं बघतेस. पायऱ्यांवर माझ्याशेजारी बसून तू म्हणालीस ना, ज्या पेशी किरणांना एवढ्या सरावतात त्यांचं दुसऱ्या कुठल्यातरी गोष्टीवाचून अडत असणार, फुकट काही मिळत नसतं, आणि ती गोष्ट सापडली की काम झालं. ते बोलताना तुझा चेहरा मी पाहिलाय. माझ्या उरल्या दिवसांत ते सापडेल असं मी धरून बसलेलो नाही, तूही धरू नकोस. पण सापडायचं असेल तर ते तुझ्यासारख्या बघणारीलाच सापडेल.

पुढच्या आठवड्यात खिंडीत बर्फ सुरू होईल, त्याआधी ये. अनारकाननं तुझ्यासाठी कुरुताचे दह्याचे गोळे वाळत घातलेत आणि पाखरांना शिव्या देत दिवसभर राखण करतेय. तुझ्या आईच्या थडग्याशी तिघं मिळून जाऊ. जायचं तिनंच सुचवलं, मी नाही.

आणि सोमवारी प्रयोगशाळेत गेलीस की त्या मुलीला बाजूला सारून स्वतः उभी राहा. त्या माझ्या आहेत हे खरंय. माझ्या आहेत म्हणून हात आखडू नकोस, त्या काही आखडत नाहीत. पुरता मार दे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघ, कोण उरलंय.

तुझा आके